हवापालट फुलपाखरांच्या गावी

अलिबाग म्हणजे बीच, सुरमईची थाळी आणि सोमवारी ऑफिसात दाखवायचे फोटो... बस्स, एवढंच? याच किनाऱ्यावर वाघाच्या रांगेत बसलेली फुलपाखरं राहतात आणि त्यांच्या शेजारीच देशातले बडे कारखानेही उभे आहेत. या वीकेंडला जरा वेगळ्या नजरेनं फिरून या!

आपल्या आजीच्या काळात माणसं सुट्टीवर जात नसत, 'हवापालट' करायला जात. डॉक्टर सांगायचे, आठ दिवस अलिबागला जाऊन या, खारी हवा खा, प्रकृती सुधारेल. आता डॉक्टरांच्या जागी बॉस आलाय. शुक्रवारी संध्याकाळी तो एकदाचा 'ओके' म्हणाला की आपण सुटतो. शनिवारी सकाळी गेटवेवरून लाँच पकडली किंवा भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोमध्ये चढलो की तासाभरात मांडवा. फुफ्फुसं भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, 'वा, काय हवा आहे!'

पण ही हवा फक्त आपल्याच कामाची नाही. या किनाऱ्यावर असे रहिवासी आहेत, ज्यांचं वजन ग्रॅमच्या हिशेबातही जेमतेम भरतं. हवा थोडी जरी बिघडली तरी त्यांच्या ताटातलं जेवण बदलतं. ही झाली फुलपाखरं.

किहीमचे जुने रहिवासी

मांडव्याहून अलिबागकडे निघालात की उजव्या हाताला सासवणे, आवास, किहीम अशी गावं लागतात. टुरिझमच्या माहितीपत्रकात किहीमच्या नावापुढे हटकून रानफुलं आणि फुलपाखरं असतात. खोटं नाही ते. डॉ. सलीम अलींनी १९३० मध्ये याच किहीमला सुगरण पक्ष्याची घरटी तासन् तास बसून न्याहाळली आणि त्यातून त्यांचा गाजलेला अभ्यास उभा राहिला. निवांत बसून बघावं असं इथे पूर्वीपासूनच काहीतरी आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर जा. सुरूच्या बनामागे वाळूत रुईची झुडपं दिसतील. मारुतीला शनिवारी माळ घालतो, तीच रुई. तिच्यावर केशरी पंखांचं, काळ्या किनारीचं एक फुलपाखरू रमतगमत उडत असतं. त्याचं इंग्रजी नाव प्लेन टायगर. त्याला घाई नसते, कारण त्याची अळी रुईचा विषारी चीक पचवून मोठी झालेली असते. पक्षी एकदा चोच मारून बघतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

आता नीट बघा. तसंच दिसणारं दुसरं फुलपाखरू कदाचित भलतंच कुणीतरी असेल! डॅनेड एगफ्लायची मादी प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करते. अंगात विष नाही, पण कपडे विषारी माणसाचे. सॉलिड फंडा आहे ना? तिचा नर मात्र अगदी वेगळा, काळ्या पंखांवर जांभळ्या झाकेचे पांढरे ठिपके मिरवणारा. आणि यांची अळी खाते काय, तर घोळ. हो, तीच आंबटसर घोळूची भाजी, जी वाडीत आपोआप उगवते आणि आपण 'तण' म्हणून उपटून टाकतो.

या एगफ्लायला आणि लाल अंगाच्या, काळ्या पंखांच्या क्रिमझन रोझ फुलपाखराला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे थेट वाघाच्या रांगेत, अनेक वर्षं जागा होती. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि सगळ्याच याद्यांची फेरमांडणी झाली. ही दोन्ही काही उद्या सकाळी नाहीशी होणारी जात नाही. पण त्यांचा संसार एकेका झाडावर टांगलेला आहे. क्रिमझन रोझची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते. ही वेल औषधी म्हणून लोक मुळासकट उपटून नेतात. वेल गेली की फुलपाखरूही गेलं, हॉटेल बदलायची सोय त्याच्याकडे नाही.

किहीमजवळच्या एका वाडीत मी नारळपाणी प्यायला थांबले. तिथल्या आजींना विचारलं, ''आजी, पूर्वी इथे फुलपाखरं जास्त असायची का हो?'' त्या हसल्या. ''अगो, मोजायला कोण बसलंय? पण लिंबाच्या पानावर काळी-हिरवी सुरवंटं असायची, ती यायची बघ दरवर्षी. आता शेजारी बंगले झाले, तिथे नुसतं हिरवं गवत. त्यावर काय येणार?'' एका वाक्यात त्यांनी लॉनचा निकाल लावला.

कनकेश्वरावरून दिसणारे मनोरे

मापगावच्या पायथ्यापासून कनकेश्वराच्या सातशेहून जास्त पायऱ्या चढायला सुरुवात करा. दोन्ही बाजूंना दाट झाडी आहे. रमत चढलात तर फुलपाखरं सोबतीला असतात आणि दम लागला की त्यांचा फोटो काढायच्या निमित्तानं थांबताही येतं. वर पोचल्यावर समोर खांदेरी-उंदेरीचे जलदुर्ग, निळा समुद्र, नारळी-पोफळी. आणि त्याच फ्रेममध्ये थळचा खत कारखाना.

या कारखान्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रकल्प आधी रेवस-मांडव्याच्या बाजूला यायचा होता. मुंबईतल्या पर्यावरणवाद्यांनी ओरड केली की वाऱ्यावर स्वार होऊन सगळं प्रदूषण बंदर ओलांडून मुंबईत येईल. बरीच वादावादी झाली आणि जागा दक्षिणेला सरकून थळ-वायशेतला आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा, म्हणजे आरसीएफचा हा कारखाना सुरू झाला. नैसर्गिक वायूपासून इथे अमोनिया बनतो आणि अमोनियापासून युरिया. वर्षाला पंधरा लाख टनांहून जास्त! देशातल्या कितीतरी शेतांची भूक यावर भागते, अलिबागच्या कितीतरी घरांची चूलही. त्यामुळे 'कारखाना व्हिलन, फुलपाखरू हिरो' असा सिनेमा इथे चालणार नाही.

पण त्या वादात मुद्दा एकच होता, मुंबईकरांची हवा. ज्या किनाऱ्यावर कारखाना आला, तिथल्या पानाफुलांचा हिशेब कुणाच्या वहीत नव्हता. आणि हवा तर कुणाच्याच हद्दीत राहत नाही. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही धुराड्यातून निघालेला वायू असा रोज येरझारा घालतो. अलिबागहून पेणकडे गेलात तर धरमतर खाडीच्या काठी डोलवीचा वर्षाला एक कोटी टन पोलाद बनवू शकणारा कारखाना दिसतो. पुढे नागोठणे, रोहा, महाड इथे रसायनांच्या वसाहती. रायगडच्या नकाशावर जंगल आणि धुराडी अशी एकाआड एक विणलेली आहेत.

फुकटचं खत महाग पडतं

आता तुम्ही म्हणाल, अमोनिया तर खतच आहे. हवेतून पानांवर थोडा पडला तर झाडं वाढतील, बिघडलं काय?

इथेच तर गंमत आहे. कॅलिफोर्नियात सॅन होजे शहराच्या दक्षिणेला काही टेकड्या आहेत. आपल्या आयटीवाल्यांची 'सिलिकॉन व्हॅली' ती हीच. या टेकड्यांची माती अगदी निकस, म्हणून तिथे परदेशी गवत माजत नाही, छोटी रानफुलं टिकून राहतात. त्यातल्या एका ठेंगण्या रोपावर बे चेकरस्पॉट नावाचं फुलपाखरू जगतं. १९८७ मध्ये अमेरिकेनं त्याला संकटग्रस्त जाहीर केलं. टेकडीवर इमारती नको, गायी नको, असं ठरवून काही ठिकाणी चराई बंद केली. आणि काय व्हावं? फुलपाखरं वाढायच्या ऐवजी गायबच झाली!

स्टुअर्ट वाइस या शास्त्रज्ञानं १९९९ मध्ये कोडं उलगडलं. खालच्या हायवेवरच्या गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन हवेतून टेकडीवर पडत होता. निकस मातीला फुकट खत मिळत होतं. त्या खतावर परदेशी गवत माजलं आणि त्यानं ठेंगणी रोपं झाकून टाकली. जिथे गायी गवत खात होत्या, तिथेच फुलपाखरू तगलं. पुढे त्याच भागात वायूवर चालणारं वीजकेंद्र आलं, तेव्हा कंपनीला शंभराहून जास्त एकर टेकडी फुलपाखरासाठी राखून ठेवावी लागली. आमच्या धुराड्याचा नायट्रोजन तुझ्या पानावर पडणार, तेव्हा त्याची भरपाईही आमच्याकडे, असा तो सौदा.

नुकसान फक्त गवतानंच होतं असंही नाही. जर्मनीतल्या पोट्सडॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सहा जातींच्या फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अळ्यांना खत घातलेल्या झाडांची पानं खायला दिली. शेतात पडतं तेवढंच खत. तरी जगणाऱ्या अळ्यांचं प्रमाण किमान एक तृतीयांशानं घसरलं. म्हणजे पान हिरवंगार दिसतं आणि खाणारा मात्र मरतो!

आणि फुलापर्यंत पोचायचं कसं? वासावरून. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये उघड्या शेतात डिझेलच्या धुरातले वायू आणि ओझोन सोडून बघितले, तेही शहरी रस्त्यावर सहज आढळतात तेवढ्याच प्रमाणात. परागीभवन करणारे कीटक ७० टक्क्यांपर्यंत घटले. फुलांचा वास हवेतच मोडून पडला होता. पत्ताच पुसला गेला तर पाहुणा घरी पोचणार कसा?

नवाबाचं रान, नीलवंताचं घर

अलिबागहून दक्षिणेला निघा. चौल मागे पडतं, रेवदंड्याचा पूल ओलांडला की डोंगर समुद्राला खेटू लागतात. काशीदच्या बीचवर सगळी गर्दी उतरते. तुम्ही उतरू नका, पुढे चला. मुरूडच्या अलीकडे सुपेगावाजवळ फणसाड अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं राखीव रान, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. पन्नासएक चौरस किलोमीटरचं जंगल, गारंबीच्या अजस्र वेली, शेकरू, आणि नशीब जोरावर असेल तर बिबट्याच्या पाऊलखुणा.

इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. फणसाड गाण, चिखल गाण... नावंच कशी गोड! पावसानंतर या गाणींच्या काठी ओल्या मातीवर फुलपाखरांची पंगत बसते. बहुतेक सगळे नर. चिखलातले क्षार सोंडेनं शोषून घेतात. मंडळी इतकी गुंग असतात की दोन हातांवर बसून बघितलं तरी हलत नाहीत.

आणि मग तो येतो. काळाभोर, मागच्या पंखांवर आकाशी निळा पट्टा, पंख पसरले तर बारा ते पंधरा सेंटीमीटर. ब्लू मॉरमॉन! २०१५ मध्ये महाराष्ट्रानं याला राज्य फुलपाखरू केलं आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. नंतर राज्य जैवविविधता मंडळानं फुलपाखरांना मराठी नावं दिली तेव्हा हा झाला 'नीलवंत'. मातीवर बसतानाही पंख फडफडत ठेवतो, त्यामुळे फोटो हलतोच. त्याच्या अळीला माकडलिंबू लागतं, नाहीतर वाडीतलं लिंबू, पपनस. म्हणजे नीलवंताचं घर अभयारण्यात आणि डबा गावातून!

फणसाडच्या आत उघडे माळ आहेत, कोकणात इतरत्र त्यांना सडा म्हणतात. कातळावर बोटभर माती. पावसाळ्यात त्यावर इवली रानफुलं उमलतात. सड्यांवरच्या काही वनस्पती तर चक्क किडे खातात. का? तर मातीत नायट्रोजन नाही, म्हणून तो किड्यांकडून वसूल करायचा! कॅलिफोर्नियातली टेकडी आठवली? गणित तेच. निकसपणा हीच इथली श्रीमंती. हवेतून फुकटचं खत पडू लागलं तर इथलंही गवत माजायला वेळ लागणार नाही.

हा धोका लांबचा वाटतो? २०१९ मध्ये नाणारची रिफायनरी रायगडमध्ये हलवायची चर्चा झाली. अलिबाग, मुरूड, रोहा आणि श्रीवर्धन या चार तालुक्यांतल्या ४० गावांची नावं विधिमंडळात घेतली गेली. नंतर रोहा-मुरूडच्या गावांमध्ये औषधांच्या कच्च्या मालाचं उद्यान, बल्क ड्रग पार्क, आणायचा प्रस्ताव आला. गावकऱ्यांनी विरोध केला. २०२२ मध्ये केंद्रानं गुजरात, हिमाचल आणि आंध्रची निवड केली आणि आपल्याकडे 'प्रकल्प पळवला' म्हणून राजकारण तापलं. त्या गदारोळात नोकऱ्या मोजल्या गेल्या, कोटी मोजले गेले. फणसाडच्या वाऱ्याचा उल्लेख क्वचितच कुणी केला.

शंभर की तीन?

आता थोडे आकडे. घाबरू नका, एक्सेल उघडायला लागणार नाही.

हवेत काय किती असावं याचे राष्ट्रीय मापदंड आपल्याकडे २००९ मध्ये ठरले. त्यात बारा घटक आहेत, त्यातला एक अमोनिया. वर्षाची सरासरी दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. युरोपातल्या तज्ज्ञांनी हाच प्रश्न झाडांच्या बाजूनं विचारला आणि उत्तर आलं, फुलझाडांसाठी ३ आणि शेवाळ-दगडफुलासाठी फक्त १. आपला मापदंड माणसाच्या नाकासाठी आहे, त्यांचा पानासाठी. शंभर आणि तीन यांच्या मधल्या फरकात अळीचं सगळं आयुष्य येतं.

आपल्या तक्त्यात 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' असा वेगळा रकाना आहे, ही चांगली गोष्ट. त्या रकान्यात सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा ५० वरून २० वर येते आणि नायट्रोजन डायऑक्साइडची ४० वरून ३० वर. म्हणजे जंगलाला माणसापेक्षा स्वच्छ हवा लागते, हे सरकारला तत्त्वतः मान्य आहे. अमोनियाचा आकडा मात्र दोन्ही रकान्यांत तोच, १००. आणि हा रकाना लागू व्हायला केंद्रानं त्या जागेचं नाव तसं जाहीर करावं लागतं.

दुसरी मेख मोजणीच्या वेळेची. नव्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालासाठी हवा बहुतेक वेळा एकाच ऋतूत मोजतात, तोही पावसाळा सोडून. आणि कोकणातली फुलपाखरं कधी भरात असतात? पावसाळ्याच्या शेवटी आणि लगेच नंतर. मार्चमध्ये फुलपाखरं शोधायची आणि लिहायचं 'विशेष आढळली नाहीत', असं झालं तर नवल काय?

हवा सुधारली की कीटक परततात, हेही तितकंच खरं. मँचेस्टरचा काळा पतंग शाळेत शिकलोच. १८४८ मध्ये तिथे पहिला काळा पतंग नोंदला गेला आणि शतक संपेपर्यंत काजळीनं काळवंडलेल्या झाडांवर जवळपास सगळे काळेच उरले. १९५६ मध्ये ब्रिटननं स्वच्छ हवेचा कायदा केला, झाडांची खोडं पुन्हा उजळली आणि पांढरे पतंगही परतले. धुराड्यांवर गाळण्या बसल्या, कोळसा बदलला. सगळे कारखाने काही बंद पडले नाहीत.

मग आपण काय करायचं, बॉस?

पहिलं म्हणजे जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी ती बहुतेक वेळा घ्यावी लागते. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते, अहवालाचा सारांश मराठीत मिळतो आणि म्हणणं लेखी पाठवता येतं. दिवसभर ई-मेल तर आपण पाठवतोच, एक इथेही पाठवूया. तीन प्रश्न विचारा: फुलपाखरं पावसाळ्यानंतर मोजली का? अमोनिया आणि नायट्रोजनचे आकडे झाडांच्या हिशेबानं तपासले का? फणसाडकडे वारा कधी वाहतो ते पाहिलं का?

दुसरं, मोजा. दर सप्टेंबरला देशभरात 'बिग बटरफ्लाय मंथ' साजरा होतो. फोनवर फोटो काढा, तारीख आणि जागेसह नोंद करा. 'पूर्वी खूप असायची हो' या वाक्याला सुनावणीत किंमत नसते, दहा वर्षांच्या नोंदींना असते. आजींचा प्रश्न बरोबरच होता, मोजायला कोण बसलंय? आपण बसूया.

तिसरं, ज्यांचं (किंवा ज्यांच्या बॉसचं) अलिबागला सेकंड होम आहे, त्यांनी लॉनचा एक कोपरा मोकळा सोडावा. तिथे घोळ उगवू द्यावी, रुई राहू द्यावी, कढीपत्ता आणि लिंबू लावावं. २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या वाड्यांमधली कितीतरी झाडं आडवी झाली. नवी लावताना शोभेचे पाम कशाला? आणि लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर फवारणीचा पंप आणू नका. तो लहानपणीचा नीलवंत असू शकतो.

कसं जाल, काय पाहाल?

मुंबईहून: गेटवे ते मांडवा लाँच (पावसाळ्यात बंद), किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. रस्त्यानं जायचं तर अटल सेतू किंवा पनवेलमार्गे पेण-वडखळ-अलिबाग.

पुण्याहून: एक्स्प्रेसवेनं खोपोली, तिथून पेणमार्गे अलिबाग.

दिवस पहिला: सकाळी कनकेश्वर, दुपारी वाडीत जेवण, उन्हं कलल्यावर किहीम.

दिवस दुसरा: फणसाड. वनखात्याच्या गेटवर प्रवेशशुल्क भरून, स्थानिक गाइड घेऊनच आत जा. नऊ ते अकरा ही फुलपाखरांची वेळ, ऊन अंगावर घेतल्याशिवाय ती उडत नाहीत.

सोबत: पाणी, टोपी, फिके कपडे, दुर्बीण. परफ्यूम, स्पीकर आणि पंख धरायचा मोह घरी ठेवा.